चतुर्थीला सगळे येणार, सासूबाईंचं डायलिसिस चालू : टेस्ट कुणाची आणि कधी?

वाचकाचं पत्र

डॉक्टरताई, आमचं घर मालवण तालुक्यात, खाडीच्या जवळ. जुनं कौलारू घर, पुढे खळ्यावर (अंगणात) पत्र्याची शेड, मागे स्लॅबच्या दोन खोल्या. त्या आम्ही पर्यटकांना देतो. सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. मधुमेह जुना, आणि आता आठवड्यातून दोनदा कुडाळला डायलिसिस. गेल्या चतुर्थीला मोठे भावजी, जाऊबाई, त्यांची मुलं, धाकटे भावजी असे अकरा जण मुंबईहून आले. पुतण्याला गाडीतच कणकण होती. निघायच्या आदल्या दिवशी त्याने घरी टेस्ट केली होती आणि ती पॉझिटिव्ह आली होती, हे आम्हाला फार नंतर कळलं. गौरी गेल्या आणि सासूबाईंना ताप चढला. ऑक्सिजन उतरला, आठ दिवस हॉस्पिटलात काढले. वाचल्या, पण तेव्हापासून काठीशिवाय चालता येत नाही.

यंदा त्याच पुतण्याचं लग्न झालंय. नव्या सुनेचा पहिला ओवसा (सूप घेऊन गौरी पूजायचा विधी) आहे, म्हणजे सगळे येणारच, आणि सासूबाईंना ते हवंच आहे. मी म्हटलं, सगळ्यांनी टेस्ट करूनच निघावं. त्यावर आमच्या ह्यांचं एकच, "कोरोना कधीचो गेलो, तूच तेका धरून बसलंस." बाजारात मास्क लावला की बायका हसतात. सासूबाईंचा शेवटचा डोस २०२२ मध्ये झाला. बूस्टर द्यायचा का, मिळतो का? जाऊबाई म्हणतात, त्या लशीनेच लोकांना हार्ट अटॅक येतात. मी उगाच घाबरते का? आणि मुंबईकरांना हे सांगायचं कसं, मन न दुखवता? – एक सून

उत्तर

ताई, उगाच घाबरत नाही तुम्ही. सत्तरी ओलांडलेली, मधुमेही, डायलिसिसवरची बाई ज्या घरात आहे, त्या घरात कुणीतरी एवढी काळजी करायलाच हवी. फक्त "निघण्याआधी सगळ्यांची टेस्ट" या एका अटीवर तुम्ही सगळा जोर लावू नका. त्यावरून घरात भांडण होईल आणि सासूबाईंचा बचाव मात्र थोडाच होईल.

आधी तुमच्या यजमानांचं म्हणणं घेऊ, कारण त्यात अर्धं खरं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. आणीबाणी संपली, विषाणू मात्र फिरत राहिला आणि रूप बदलत राहिला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जेएन.१ या नव्या प्रकाराचा महाराष्ट्रातला पहिला रुग्ण सापडला तो आपल्या सिंधुदुर्गातच. २०२५च्या मे-जूनमध्ये देशभर पुन्हा रुग्ण वाढले. म्हणजे हे दुखणं आता जाऊन-येऊन राहणार, आणि ऋतू बघून येईल अशीही खात्री नाही. तुमच्या यजमानांसारख्या धडधाकट, लस घेतलेल्या माणसाला ते आज झालं तर बहुतेक वेळा चार दिवसांचं पडसं होऊन जाईल. त्यांच्या आईंना त्याच दुखण्याने आठ दिवस हॉस्पिटलात ठेवलं. दोन्ही गोष्टी एकाच छपराखाली खऱ्या आहेत. तेव्हा कोरोना आहे की गेला, यावर वाद घालणं सोडून द्या. "आईंना पुन्हा हॉस्पिटलात न्यायचं नाही, त्यासाठी काय करू?" एवढंच त्यांना विचारा. या प्रश्नावर कुठलाच मुलगा हसणार नाही.

आता टेस्टचं. घरी नाकातून करायची ती अँटिजेन टेस्ट पॉझिटिव्ह आली तर तिच्यावर विश्वास ठेवावा. रेघ अगदी पुसट असली तरी ती पॉझिटिव्हच. निगेटिव्हवर मात्र तेवढा भरवसा नाही. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण दोन ते चार दिवस जातात, आणि पहिल्या दिवसा-दोन दिवसांत नाकातला विषाणू किटला सापडेल एवढा नसतो. मुंबईत निघताना निगेटिव्ह आलेला माणूस पुढे सबंध रात्र खचाखच भरलेल्या कोकणच्या गाडीत किंवा एसटीत बसणार. तिथे शेजारचा खोकत असेल तर याला ताप येणार तिसऱ्या-चौथ्या दिवशी, म्हणजे नेमका गौरींच्या आसपास. तोवर "आमची टेस्ट झालीय" म्हणून सगळे निर्धास्त. निघतानाच्या टेस्टने अंगात लक्षणं असलेला माणूस पकडता येतो, आणि तो तर किटशिवायही ओळखू येतो. गेल्या वर्षी पुतण्याची टेस्ट झालेलीच होती, आणि ती बरोबरही आली होती. अडलं ते पुढे.

म्हणून किट वापरायची ती घरी आल्यावर. कुणाला घसा खवखवला, नाक वाहू लागलं, अंग मोडून आलं की त्याच दिवशी टेस्ट. निगेटिव्ह आली तर ४८ तासांनी पुन्हा एकदा, आणि मधले दोन दिवस तो आजीपासून लांब. सासूबाईंना उठवणं-बसवणं, न्हाऊमाखू घालणं जे करतात, म्हणजे बहुधा तुम्हीच, त्यांनी पाहुणे आल्यापासून तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी लक्षणं नसतानाही करावी. बाकीच्यांची रोज नाकं ढवळायची गरज नाही.

किट गावात मिळेलच असं नाही, तेव्हा मुंबईकरांनाच सांगा, येताना आठ-दहा घेऊन या. मुंबईहून येणारा माणूस काही ना काही आणतोच, त्यात हेही येईल, आणि मागण्याचा सूरही बदलेल. पाकिटावरची शेवटची तारीख बघायला सांगा. २०२२ची किट अजून कुणाच्या तरी कपाटात असणारच, ती फेकून द्या. गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका. काडी दोन्ही नाकपुड्यांत फिरवायची आणि पाकिटावर लिहिलेल्या वेळेलाच बघायचं, साधारण पंधराव्या मिनिटाला. तासाभराने उमटलेल्या रेघेला अर्थ नसतो.

खरा प्रश्न मला वेगळाच दिसतो. पुतण्याची टेस्ट पॉझिटिव्ह आली तरी तो बोलला का नाही?

२०२० ची चतुर्थी आठवा. पास काढून, तपासणी नाके ओलांडून चाकरमानी आले, आणि गावात त्यांना आधी शाळेत किंवा बंद घरात दिवस काढावे लागले. काही वाड्यांनी रस्त्यावर बांबू आडवे टाकले होते. "मुंबैवाले घेवन इले" हे वाक्य तेव्हा घराघरांत बोललं गेलं. ज्या घरात रुग्ण सापडला, त्या घराकडे दूधवालाही फिरकेना. ती भीती तेव्हा अगदीच निराधार नव्हती, लस नव्हती, गावात ऑक्सिजनची सोय नव्हती. पण पॉझिटिव्ह म्हणजे कलंक, हे त्या दिवसांत जे मनात बसलं ते अजून निघालेलं नाही. सांगितलं तर गाडीतून उतरवतील, गणपतीला जाता येणार नाही, वर्षभर बोलतील. विशी-पंचविशीच्या मुलाने हा हिशेब केला आणि तोंड मिटलं. चुकलंच त्याचं. पण खरं बोलायची शिक्षा आपण एवढी मोठी ठेवली तर पुढच्या वेळी दुसरं कुणीतरी तोंड मिटणार आहे.

आणखी एक. तुम्ही लिहिलेलं नाही, पण आपल्याकडे घरं बहुधा सामायिक असतात. सातबाऱ्यावर तिन्ही भावांची नावं असतात, गणपती सगळ्यांचा असतो. गावात राहणाऱ्या वहिनीने "टेस्ट केलीत तरच या" म्हटलं की मोठ्या भावजींना ते तब्येतीबद्दल ऐकू येत नाही. आपल्याच घरात यायला आपल्याला अट घालतायत, असं ऐकू येतं. तुमच्या मनात तसं काहीही नसलं तरी. म्हणून हे तुम्ही सांगूच नका. यजमानांनी सांगायचं, भावाने भावाला, फोन करून. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर नाही. ग्रुपवर टाकलेली सूचना वाचून प्रत्येकाला आपल्यालाच टोमणा मारलाय असं वाटतं. सासूबाईंची तब्येत बरी असेल तर त्यांनी स्वतः दोन शब्द बोलावेत. आईचं "सांभाळून येवा रे" इतर कुणाच्याही सांगण्यापेक्षा जास्त ऐकलं जातं.

फोनवर काय बोलायचं? साधारण असं: "दादा, सगळ्यांनी यायचंच. नव्या सुनेचा ओवसा आहे, आई वाट बघतेय. फक्त गेल्या वर्षी आई जाता जाता वाचली, तर यंदा एक ठरवूया. कुणालाही कणकण वाटली की त्याच वेळी सांगायचं. कुणी रागावणार नाही, कुणाला परत पाठवणार नाही. मागची एक खोली मी रिकामी ठेवलीय. ज्याला बरं नसेल त्याचं जेवण-चहा तिथे येईल, आरती ओटीवरून होईल. आणि येताना टेस्टची किट घेऊन या, इथे मिळत नाहीत."

या बोलण्यात सगळ्यात महत्त्वाची आहे ती मागची खोली. पावसाळ्यात पाण्यातले खेळ बंद असतात, पर्यटक कमीच असतात. चतुर्थीत त्या दोन खोल्यांपैकी एक कुणालाही देऊ नका, आणि नातेवाइकांनाही आधीपासून झोपायला देऊ नका. ती रिकामीच ठेवा. गादी घालून, पाण्याचा माठ, टॉर्च, मोबाइलचा चार्जर सगळं मांडून ठेवा. ज्याला बरं नाही तो तिथे गेला म्हणजे त्याला बाजूला टाकलं असं होऊ नये. मुलांपैकी कुणीतरी दारात खुर्ची टाकून गप्पा माराव्यात, ताट वेळेवर जावं. पॉझिटिव्ह आलेल्या माणसाने दहा दिवस आजीच्या जवळ जायचं नाही. किट शिल्लक असतील तर पाचव्या दिवसानंतर ४८ तासांच्या अंतराने दोन टेस्ट निगेटिव्ह आल्या की आधी जायला हरकत नाही. यासाठी आरटी-पीसीआर करू नका. ती बरं झाल्यावरही कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते.

तुमचं कौलारू घर ही या बाबतीत मोठी सोय आहे. कौलांच्या फटींतून, पडवीतून हवा सारखी खेळते. कोविड मुख्यतः श्वासातून हवेत तरंगणाऱ्या बारीक कणांतून पसरतो, म्हणून हवा जिथे बदलते तिथे धोका कमी. स्लॅबच्या खोलीत पावसाची झड येते म्हणून खिडक्या लावून घेतल्या आणि एसी चालू केला की तीच हवा सगळे रात्रभर आत-बाहेर घेतात. सासूबाईंना निजायला माजघराशेजारची कौलारू खोली द्या, वाऱ्याच्या बाजूची एक खिडकी झडप लावूनही थोडी उघडी राहील असं बघा. आणि त्या खोलीत नातवंडांची रांग झोपायला घालू नका. हे कठीण आहे, मला माहीत आहे. आजीच्या कुशीत झोपायलाच तर मुलं गावी येतात. पण दिवसा खळ्यात आजीजवळ बसून ऐकलेली गोष्ट आणि बंद खोलीत आठ तास एकत्र घेतलेला श्वास, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मुलांना दिवस द्या, रात्र नको.

भजनाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ते मला सगळ्यात जास्त खुपतं. वाडीतली भजनी मंडळी घरोघर फिरतात, वीस-पंचवीस माणसं माजघरात दाटीने बसतात आणि वरच्या पट्टीत गातात. गाताना बोलण्यापेक्षा कितीतरी जास्त कण बाहेर पडतात. एकाच संध्याकाळी ही मंडळी पाच घरं करून आलेली असतात. तुमच्याकडे खळ्यावर शेड आहे, तर बुवांना आधीच सांगा की यंदा भजन खळ्यात. पखवाज, झांजा, चहा, उसळ-पाव सगळं तिथेच. गणपती आत, दार उघडं. सासूबाईंची खुर्ची ओटीच्या टोकाला. त्यांनी त्या वेळी एन-९५ मास्क लावला तर उत्तम. कापडी मास्क किंवा तोंडावर घेतलेला पदर यांचा उपयोग फारसा नाही. पावसाळी दमटपणाने मास्क ओला झाला की बदला. बाजारात हसणाऱ्या बायकांना काही उत्तर देऊ नका. "घरात डायलिसिसचं माणूस आहे" एवढं सांगितलं की गावातलं माणूस समजतं.

आता समजा एवढं करूनही सासूबाईंना ताप आला. इथे नीट वाचा.

पहिलं, ताप म्हणजे कोविडच, असं धरून बसू नका. टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून "साधा ताप" असंही म्हणू नका. भाद्रपदात आपल्याकडे लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) असतो, डेंग्यू असतो, मलेरिया असतो. लेप्टो शेतातल्या साचलेल्या पाण्यातून पायाच्या भेगेतून शिरतो. पोटऱ्या प्रचंड दुखतात, डोळे लाल होतात, आणि वेळेत औषध मिळालं तर माणूस बरा होतो. हे तुमच्या यजमानांसाठीही लिहितेय, शेतात ते उतरतात. सासूबाईंच्या बाबतीत आणखी एक धोका, डायलिसिससाठी बसवलेल्या नळीतून किंवा हाताच्या फिस्टुलातून (शस्त्रक्रियेने जोडलेल्या रक्तवाहिन्यांतून) रक्तात जंतू जाण्याचा. थंडी वाजून हुडहुडी भरली, विशेषतः डायलिसिस चालू असताना किंवा करून आल्यावर, तर त्याच दिवशी हॉस्पिटल. सकाळपर्यंत थांबायचं नाही.

दुसरं, कोविडची टेस्ट पॉझिटिव्ह आली तर डायलिसिस सेंटरला फोन करून सांगा, आणि पाळी चुकवू नका. २०२०मध्ये पॉझिटिव्ह माणसाला डायलिसिससाठी दारोदार फिरावं लागलं, म्हणून आजही लोक लपवतात. सांगितल्याने सेंटरला त्यांना वेगळ्या वेळेला किंवा वेगळ्या बेडवर घेता येतं, आणि शेजारच्या बेडवरच्या तशाच नाजूक माणसाचाही जीव सांभाळला जातो. कुडाळला शेअर गाडीने जात असाल तर त्या आठवड्यात वेगळी गाडी करा, काचा खाली ठेवून. "पॉझिटिव्ह आल्या तर काय व्यवस्था?" हे सेंटरला आजच विचारून ठेवा, ताप आल्यावर नको.

तिसरं, औषध. अशा रुग्णांसाठी विषाणूविरोधी गोळ्या असतात, निर्माट्रेल्विर आणि रिटोनाविर ही जोडी, पण त्या लक्षणं सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत सुरू व्हाव्या लागतात. मूत्रपिंडाच्या रुग्णाला डोस वेगळा लागतो, आणि कोलेस्टेरॉलच्या, हृदयाच्या बऱ्याच गोळ्यांशी त्यांचं जमत नाही. त्याऐवजी शिरेतून रेमडेसिव्हिर द्यायचं का, हेही किडनीचे डॉक्टर ठरवतील. म्हणून पॉझिटिव्ह आल्याच्या दिवशीच त्यांना फोन. कागदावर सासूबाईंच्या सगळ्या गोळ्यांची यादी लिहून फ्रिजवर चिकटवून ठेवा, म्हणजे फोनवर वाचून दाखवता येईल. मेडिकलवाल्याकडून स्टिरॉइडची गोळी कदापि नको. ज्याला ऑक्सिजन लागत नाही अशा रुग्णाला तिचा फायदा होत नाही, आणि मधुमेहात साखर भडकते. २०२१ची काळी बुरशी कुणी विसरलं नसेल. तापाला पॅरासिटामॉल. ब्रुफेन, डायक्लोफेनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्या मूत्रपिंडाला घातक, त्या घरातच ठेवू नका.

ऑक्सिमीटर ठेवा आणि दिवसातून चार वेळा बघा. बोट थंड असेल तर चोळून गरम करा, नखावर मेंदी असेल तर दुसरं बोट घ्या. आकडा ९४च्या खाली गेला, धाप लागली, किंवा असंबद्ध बोलू लागल्या तर थेट हॉस्पिटल.

आणि हे खास आपल्या कोकणासाठी. आजारी माणसाला बघायला येणारा प्रत्येकजण शहाळं घेऊन येतो. डायलिसिसच्या रुग्णाला शहाळ्याचं पाणी देऊ नका. त्यात पोटॅशियम भरपूर असतं, ते रक्तात वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. माटवीला (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीला) बांधलेली केळीही त्यांना नकोत. तापात "काढा पी, काढा पी" असं सगळे म्हणतील, पण त्यांना दिवसभरात किती पाणी चालतं हे ठरलेलं आहे, आणि काढा त्या मापात मोजायचा. प्रेमाने आणलेलं शहाळं तुम्ही प्या, त्यांच्यासमोर नको.

बूस्टरचं आता. साठीपुढच्यांना २०२२च्या जानेवारीपासून सरकारी केंद्रांवर तिसरा डोस फुकट मिळत होता, बहुधा तोच सासूबाईंनी घेतला असेल. लशीने लागण टाळण्याची ताकद काही महिन्यांत ओसरते. गंभीर आजारापासूनचं संरक्षण त्याहून जास्त टिकतं, पण म्हातारपणी आणि डायलिसिसमध्ये तेही कमी पडतं. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा की वयस्कर आणि जुनाट आजार असलेल्यांना शेवटच्या डोसनंतर सहा ते बारा महिन्यांनी पुन्हा डोस द्यावा. निरोगी तरुणांना वारंवार बूस्टरची गरज नाही. म्हणजे तुम्ही, तुमचे यजमान, पुतण्या यांनी बूस्टरच्या मागे धावू नये. सासूबाईंना मात्र मिळाला तर द्यावा, असं माझं मत. पुण्याच्या जिनोव्हा कंपनीने ओमिक्रॉनवरची एमआरएनए लस २०२३मध्ये आणली होती, परदेशांत जेएन.१च्या वंशावर बेतलेल्या लशी आल्या आहेत. पण लशीला परवानगी असणं वेगळं आणि ती मालवण-कुडाळात हाती लागणं वेगळं. गावच्या केंद्रात हेलपाटे घालण्याआधी किडनीच्या डॉक्टरांना विचारा, आणि भावजींना मुंबईत मोठ्या हॉस्पिटलात चौकशी करायला सांगा. मिळाली नाही तर जीवाला लावून घेऊ नका, कारण दोन लशी सहज मिळतात आणि त्यांना तितक्याच गरजेच्या आहेत. फ्लूची, दरवर्षी, आणि न्यूमोकॉकल न्यूमोनियाची. डायलिसिसवाल्यांना हिपॅटायटिस बीची लसही लागते, ती झालीय का तेही विचारा. लस अंगात काम करायला दोन आठवडे घेते, तेव्हा नारळी पौर्णिमेच्या आत उरकून घ्या.

जाऊबाईंची हार्ट अटॅकची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. तरुण माणसं अचानक गेलेली आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. म्हणूनच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) १८ ते ४५ वयातल्या अचानक मृत्यूंचा देशभर अभ्यास केला, तो २०२३मध्ये प्रसिद्ध झाला. लशीमुळे असा मृत्यू वाढल्याचं त्यात आढळलं नाही, उलट दोन डोस घेतलेल्यांत धोका कमी दिसला. धोका वाढवणाऱ्या गोष्टी निघाल्या त्या म्हणजे कोविडने हॉस्पिटलात भरती व्हावं लागणं, घराण्यात अचानक मृत्यू असणं, थोड्या वेळात भरमसाट दारू पिणं. कोविशील्डने रक्ताच्या गुठळ्या होण्याचा प्रकार खरा आहे, पण तो अतिशय विरळा, आणि डोसनंतरच्या काही आठवड्यांतच होतो. २०२१-२२मध्ये घेतलेला डोस आज कुणाच्या अंगात दडून बसलेला नाही. जाऊबाईंना हे सांगताना "तुम्हाला काही कळत नाही" असा सूर येऊ देऊ नका.

राहिला पुतण्या. त्याला आजीसमोर किंवा नव्या बायकोसमोर गेल्या वर्षीचं काहीही बोलू नका. त्याला माहीत आहे. यजमानांनी एकदा बाजूला घेऊन म्हणावं, "यंदा आजीचा ऑक्सिमीटर तू बघायचास, दिवसातून चार वेळा." किट कुणाला लागली, कुणाची दुसऱ्यांदा करायची, हेही त्याच्याच वहीत. ज्याने लपवलं त्याला सांगायची जागा यातूनच मिळेल.

ओवसा मात्र मनासारखा होऊ द्या. नव्या सुनेने सूप घेऊन यावं, आजेसासूच्या पाया पडावं, आजीने तिच्या डोक्यावर हात ठेवावा. ते मिनिटभराचं आहे, उघड्या ओटीवर करा, सून त्या दिवशी बरी असली म्हणजे झालं. जमलं तर तिने त्या सकाळी एक टेस्ट करावी. आणि गौरीपूजनाचा दिवस डायलिसिसच्या वारावर येतोय का, ते आजच कालनिर्णयात बघा. येत असेल तर सेंटरशी बोलून पाळी आदल्या दिवशी घ्या. सण आहे म्हणून ती पुढे ढकलू नका.